सन्मानाची किल्ली घ्यावी की फेकावी?

आमच्या चाळीतली एक पोरगी अमेरिकेत अर्थशास्त्र शिकतेय. सरकारी शिष्यवृत्तीवर गेली. हप्ता कधी वेळेवर येतो, कधी येत नाही. तो आला नाही की ती लायब्ररीच्या काउंटरवर जास्त पाळ्या मागून घेते, पण तिथंही परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या वर काम करता येत नाही. असल्या हिशेबात तिचं एक सत्र पार पडलं. मार्क चांगले पडले. आणि परवा रात्री मला तिचा निरोप आला :

"दादा, डिपार्टमेंटमधून पत्र आलंय. अर्थशास्त्राच्या हुशार पोरांचं एक मंडळ आहे, त्यात ये म्हणतात. फी एकदाच भरायची, मग जन्मभर सभासद. सर्टिफिकेट मिळतं, पदवीदानाच्या दिवशी गळ्यात रंगीत दोर घालतात. घेऊ का? का हे पण आपल्याकडच्यासारखंच?"

मी हा निरोप कट्ट्यावर वाचून दाखवला. तीन मतं पडली. पहिला म्हणाला, घे म्हणावं, फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावू. दुसरा उसळला. म्हणाला, थुंक म्हणावं त्यावर, आपण पंगती मोडायला निघालेली माणसं आणि ही चालली मानाच्या पानावर बसायला! तिसरा गिरणी कामगाराचा पोरगा. त्यानं एकच विचारलं : फी किती तास कामाची?

मला तिसऱ्याचा प्रश्न सगळ्यात जास्त अर्थशास्त्रीय वाटला. पण पहिल्या दोघांना उत्तर दिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. म्हणून हे लिहितोय. पोरीसाठी लिहितोय आणि तुमच्यासाठीही. कारण आज ना उद्या तुमच्यापैकी कुणाला तरी असलं पत्र येणार आहे. नाही आलं तर ते का नाही आलं, याचाही विचार करावा लागणार आहे.

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू. मंडळाचं नाव ओमिक्रॉन डेल्टा एप्सिलॉन. तीन ग्रीक अक्षरं. आपल्याकडं संस्कृत फेकलं की माणूस दबतो, तिकडं ग्रीक फेकतात. 1963 साली दोन जुनी मंडळं एक होऊन हे झालं. त्यातलं एक 1955 सालचं, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात निघालेलं. दुसरं 1915 सालचं, हार्वर्ड आणि विस्कॉन्सिन विद्यापीठांतल्या अर्थशास्त्राच्या क्लबांतून जन्मलेलं. त्याच्या मागं दोन बडी नावं : हार्वर्डचे फ्रँक टॉसिग आणि विस्कॉन्सिनचे जॉन आर. कॉमन्स. पदवीच्या विद्यार्थ्याला आत यायचं तर अर्थशास्त्राचे निदान 12 क्रेडिट तास पुरे केलेले हवेत आणि सरासरी बी किंवा त्याच्या वर हवी. पदव्युत्तरांचं माप थोडं वेगळं. म्हणजे जात विचारत नाहीत, रंग विचारत नाहीत, बापाचा धंदा विचारत नाहीत. मार्क विचारतात.

झालं! आमचा पहिला मित्र खूश. जिथं नुसते मार्क विचारतात तिथं आपल्याला कसली भीती? आपण मार्क मिळवू.

थांब राजा. मार्क विचारणाऱ्या मंडळांचा जुना इतिहास जरा उकरून बघू.

या सगळ्या ग्रीक अक्षरी मंडळांची आजी म्हणजे फाय बीटा कप्पा. स्थापना 5 डिसेंबर 1776, व्हर्जिनियातलं विल्यम अँड मेरी कॉलेज. साल नीट बघा. त्याच 1776 च्या मार्चमध्ये अॅडम स्मिथचं 'वेल्थ ऑफ नेशन्स' बाहेर पडलं. त्याच साली जुलैत अमेरिकेनं जाहीर केलं की सगळी माणसं समान जन्माला येतात. आणि त्याच साली डिसेंबरात काही पोरांनी खानावळीत बसून हुशारांची गुप्त मंडळी काढली. सोन्याची किल्ली हे पुढं तिचं चिन्ह झालं. नावाचा अर्थ काय, तर ज्ञानाची आवड हीच आयुष्याची वाटाडी. छान आहे. फक्त ते कॉलेज स्वतः गुलाम बाळगून होतं. ज्ञानाच्या गप्पा मारणाऱ्या पोरांचं जेवण कोण रांधत होतं, खोल्या कोण झाडत होतं, हे त्या ग्रीक अक्षरांत कुठं लिहिलेलं नाही. तीन समान घोषणा, एक साल, आणि खाली झाडू मारणारा माणूस कुणाच्याच वहीत नाही. आपल्याला हे चित्र ओळखीचं वाटतं ना? वाटणारच.

या मंडळात पहिल्या बाया आल्या 1875 साली, व्हर्माँट विद्यापीठात. तिथंच 1877 साली जॉर्ज वॉशिंग्टन हेंडरसन आला, गुलामीत जन्मलेला काळा पोरगा. म्हणजे समानतेच्या जाहीरनाम्यानंतर एक अख्खं शतक गेलं तेव्हा एक काळा हुशार दिसला. त्याआधी शंभर वर्षं काय, काळे सगळे ढ होते? काळ्यांच्या फिस्क आणि हॉवर्ड विद्यापीठांना फाय बीटा कप्पाची शाखा मिळाली ती 1953 साली. वाट बघून कंटाळलेल्या काळ्या कॉलेजांनी 1937 सालीच स्वतःचं मंडळ काढलं होतं, अल्फा कप्पा म्यू. तुम्ही आम्हाला पंगतीत घेत नाही ना, आमची चूल आम्ही पेटवतो. हे पण आपल्या ओळखीचं.

आणि आता एका बाईची गोष्ट सांगतो. ही नीट ऐका, कारण ती अर्थशास्त्राचीच आहे.

सेडी टॅनर मॉसेल. फिलाडेल्फियाची. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकली. मार्क असे की फाय बीटा कप्पात जायलाच हवी होती. नाही घेतलं. तरी पुढं शिकली आणि 1921 साली अर्थशास्त्रात पीएच.डी. झाली. अर्थशास्त्रात पीएच.डी. मिळवणारी अमेरिकेतली पहिली काळी व्यक्ती. प्रबंध कशावर? दक्षिणेतून फिलाडेल्फियात पोट भरायला आलेल्या 100 काळ्या कुटुंबांच्या राहणीमानावर. घरभाडं किती, अन्नावर किती, कोळशावर किती. बाजारभावाची खाली मान घातलेली आकडेमोड नव्हे ती, तो स्वतःच्या माणसांचा ताळेबंद होता. पुढं काय झालं? कुठल्या विद्यापीठानं प्राध्यापकाची खुर्ची दिली? कुणीच नाही. काळ्यांच्याच एका विमा कंपनीत काही काळ हिशेबाचं काम केलं, मग त्याच विद्यापीठातून 1927 साली कायद्याची पदवी घेतली आणि सेडी अलेक्झांडर या नावानं वकिली गाजवली. अर्थशास्त्राच्या हातून एक अर्थशास्त्रज्ञ गेली.

आणि फाय बीटा कप्पा? निवडलं हो! 1970 साली. बाईंचं वय तेव्हा सत्तरी ओलांडलेलं. पन्नासेक वर्षांनी किल्ली घरपोच आली.

आमचा दुसरा मित्र आता टाळ्या वाजवतोय. बघ, म्हणतो, मी म्हणत नव्हतो? थुंक म्हणावं! तो आणखी एक पुरावा देतो. हे जॉन आर. कॉमन्स, ज्यांचं नाव या मंडळाच्या जन्मदाखल्यावर आहे, ते कामगारांचे कैवारी. विस्कॉन्सिनमध्ये कामगार कायदे घडवण्यात त्यांचा मोठा हात. आणि याच कॉमन्स साहेबांनी 1907 साली अमेरिकेतल्या वंशांवर आणि स्थलांतरितांवर पुस्तक लिहून काळ्यांना खालच्या पायरीवर बसवलं. कामगारांचा कैवार घेताना रंगाचा विटाळ सुटत नाही. हा नमुनाही आपल्याला नवा नाही. लाल झेंड्याखाली गिरणीच्या विणखात्यात काय चालायचं ते आपल्या बापांना विचारा.

तर मग थुंकायचं?

इथं मी दोघांपासूनही वेगळा होतो.

1915 साली हे मंडळ निघालं. त्याच 1915 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात एका महार पोरानं अर्थशास्त्रात एम.ए. केलं. विषय, प्राचीन भारतातला व्यापार. बडोद्याच्या महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती, त्यातून घरी पण पाठवायचे. तो कुठल्या मंडळाचा सभासद होतो की नाही याच्यावाचून कुणाचं अडलं नाही. पण त्यानं एक केलं. ज्या ज्या ज्ञानाचं दार दिसलं ते ढकललं. अर्थशास्त्राचे ढीगभर वर्ग घेतले, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, सगळीकडं बसला. प्रा. सेलिग्मननं त्याच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या 1925 च्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. लंडनच्या कॅननसाहेबानं 1923 साली रुपयावरच्या ग्रंथाला लिहिली, आणि त्यात मतभेदही मांडले. बाबासाहेबांनी या प्रस्तावना घेतल्या. फेकल्या नाहीत. साहेबाच्या सहीनं आपण मोठे झालो असंही मानलं नाही.

आणि ते मानायची सोयही नव्हती. 1918 साली ते मुंबईत सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबियात शिकलेला माणूस. वर्गात पोरं दुसऱ्या कॉलेजांतून ऐकायला यायची. आणि स्टाफरूममधल्या माठाचं पाणी त्यांनी पिऊ नये म्हणून सोबतचे प्राध्यापक कुरकुरले. माठाला कोलंबिया कळत नाही. हे त्या पोरीनं लक्षात ठेवावं. दोर गळ्यात आला तरी माठ बदलत नाही. माठ फोडायचं काम वेगळं, आणि ते बाबासाहेबांनी महाडला केलं, 1927 साली. दोन्ही कामं एकाच माणसानं केली. पदवी एका हातात होती म्हणून दुसरा हात तळ्यात घालायचा राहिला नाही.

आता गुणवत्तेकडं येतो. मार्क विचारतात, जात विचारत नाहीत, याचं उत्तर मला बाबासाहेबांच्याच एका निबंधात सापडतं. 1918 सालचा, हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनींवरचा. तेव्हा सगळे शहाणे म्हणत होते की शेतकरी गरीब आहे कारण त्याचा तुकडा लहान आहे, तुकडे जोडा म्हणजे झालं. बाबासाहेब म्हणाले, तुकडा लहान की मोठा हे नुसतं जमीन मोजून ठरत नाही. त्या जमिनीला बैल किती, नांगर कसला, भांडवल किती, हात किती, या प्रमाणावर ते ठरतं. बैलच नसेल तर मोठा तुकडाही फुकट.

हेच गणित मार्कशीटला लावा. चार वर्षांचे तास सगळ्यांना सारखे. जमीन सारखी. पण एकाला बैल आहेत : स्वतःची खोली, बापाचे पैसे, शिकवणी, घरात इंग्रजी, आजारी पडला तर डॉक्टर. दुसरा रात्रपाळी करून सकाळी आठच्या गणिताच्या वर्गात पेंगतोय. त्याला सी पडला. त्याची सरासरी बीच्या खाली गेली. मंडळ म्हणतं, आम्ही जात विचारली नाही. बरोबर आहे. तुम्ही बैल पण विचारले नाहीत.

अर्थशास्त्राच्याच पुस्तकातलं दुसरं सांगतो. मायकेल स्पेन्स नावाच्या अर्थतज्ज्ञानं 1973 साली मांडलं, आणि 2001 साली त्याला त्यासाठी नोबेलचा वाटा मिळाला. मालकाला उमेदवाराच्या अंगातली कुवत दिसत नाही, म्हणून तो खुणा बघतो. पदवी ही खूण. ही खूण चालते कारण कुवत असलेल्याला ती मिळवायला कमी सायास पडतात, नसलेल्याला जास्त. ठीक. पण सायास जर कुवतीपेक्षा पैशानं कमी होत असतील तर? तर ती खूण कुवतीची राहत नाही, घरच्या तिजोरीची होते. दोर गळ्यात दिसतो. तो कुणाला कितीला पडला ते दिसत नाही. आपल्या पोरीला तो काउंटरवरच्या 20 तासांसकट पडलाय. शेजारच्याला कदाचित नुसत्या फीत पडला असेल. दोघांच्या गळ्यात दोर एकाच रंगाचा.

म्हणून मी म्हणतो, तिचा दोर जास्त वजनाचा आहे. आणि तो टाकून देण्यात कसला विद्रोह? ती नाही म्हणाली तर मंडळाचं काय बिघडतं? यादीतलं एक नाव कमी. पुढच्या वर्षी आपल्यातली कुणी गेली तर तिला कुणीतरी म्हणेल, तुमच्यातलं कुणी इथपर्यंत आलंच नाही कधी. नकार तेव्हाच हत्यार असतो जेव्हा समोरच्याला तो लागतो. एकट्या पोरीनं एका खोलीत बसून दिलेला नकार फक्त तिलाच लागतो.

पण भाबडेपणाही नको. या सभासदत्वाचा रोकडा फायदा किती, तेही सांगतो. अमेरिकेच्या फेडरल सरकारच्या भरतीच्या नियमांत मान्यताप्राप्त सन्मान मंडळाच्या सभासदत्वाला किंमत आहे. त्याच्या जोरावर पदवीधराला पाचव्या श्रेणीऐवजी सातव्या श्रेणीतून नोकरी धरता येते. फिलाडेल्फियातल्या एखाद्या काळ्या पोरीला हा खरा फायदा आहे, पगारातला फरक आहे. आपल्या पोरीला नाही, कारण तिथल्या सरकारी नोकरीला बहुतेक नागरिकत्व लागतं. तिच्यासाठी ही अर्जावरची एक ओळ. ओळीची किंमत ओळीएवढीच. त्यासाठी जेवण चुकवायचं नाही. आणि असल्या नावांखाली नुसते पैसे उकळणारी दुकानंही तिकडं चालतात. तेव्हा पत्र आपल्याच डिपार्टमेंटमधून आलंय का, शाखेचा जबाबदार प्राध्यापक कोण, हे आधी विचारायचं.

आणि एक धोका, जो पत्रात लिहिलेला नाही. त्या समारंभाला आपले देशबांधवही असतील. हातात कागदी प्लेट घेऊन गोड हसत विचारतील, "पूर्ण नाव काय तुझं? मूळ गाव कुठलं? तू शिष्यवृत्तीवर आलीस का?" जात विमानात बसून सात समुद्रापार गेलेली आहे, तिला व्हिसा लागत नाही. ब्रँडाइस विद्यापीठानं 2019 साली भेदभावविरोधी धोरणात जात घातली, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठानं 2022 साली, सिएटल शहरानं 2023 साली. हे उगाच झालं नाही. त्याच 2023 साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं तसं विधेयक मंजूर केलं आणि गव्हर्नरनं ते नाकारलं. नको म्हणून सांगणारे कोण होते? बरेचसे आपलेच देशबांधव, मेरिटवर तिकडं गेलेले.

तेव्हा पोरी, माझं मत ऐक.

घे. नाव नोंदव. फी भरण्याआधी डिपार्टमेंटला विचार, ज्यांना परवडत नाही त्यांची फी भरायची काही सोय आहे का. नसेल तर ती मागणी शाखेच्या पहिल्याच बैठकीत तू मांड. ती तुझ्या एकटीची मागणी राहणार नाही, तिथं पेट्रोल पंपावर काम करून शिकणारे गोरेही असतील, काळेही, मेक्सिकनही. ज्या पोराची सरासरी थोडक्यात हुकली त्याला शोध, त्याच्यासोबत आठवड्यातून दोन तास गणिताला बस. शाखेत कुणी निबंध वाचायला बोलावलं तर बाबासाहेबांचा लहान शेतजमिनींवरचा निबंध वाच. त्यातला बैल नसलेला शेतकरी आणि सेडी अलेक्झांडरच्या 100 कुटुंबांतला हमाल एकमेकांना ओळखतात. बाबासाहेबांनी 1946 साली ड्यू बॉईस यांना पत्र लिहून काळ्यांच्या युनोकडच्या अर्जाची प्रत मागितली होती. ती ओळख तू पुढं चालव. आणि कुणी पूर्ण नाव विचारलं की पूर्ण नाव सांग. हळू नको सांगू.

आता तुम्हाला दोन शब्द, इथं राहिलेल्यांना.

दरवर्षी जूनमध्ये आपल्या वस्तीत गुणवंतांचा सत्कार असतो. शाल, नारळ, पाचशेचं पाकीट, पाहुण्यांचं भाषण. ज्या वर्षी मी दहावीला गणितात नापास झालो त्या वर्षी त्या सत्काराच्या खुर्च्या मीच मांडल्या होत्या. मंडळाचा कार्यकर्ता म्हणून. माझा मित्र स्टेजवर होता, मी मागं लाउडस्पीकरच्या वायरीपाशी. पाहुणे म्हणाले, या मुलांनी समाजाचं नाव काढलं. मी हिशेब करत बसलो, मग मी काय काढलं? कुणी मला विचारलं नाही की वर्षभर तू अभ्यासाला कुठं बसत होतास. बसत नव्हतो. बापासोबत कामाला जात होतो. माझ्याकडं बैल नव्हते, आणि बाबासाहेबांचा फोटो लावलेल्या त्या स्टेजवरूनही कुणी बैल विचारले नाहीत.

म्हणून अमेरिकेच्या मंडळाला शिव्या घालायच्या आधी आपल्या मांडवाकडं बघू. यंदाच्या सत्काराला माझी एक सूचना आहे. शाली अर्ध्या करा. त्या पैशात नापास झालेल्यांची यादी काढा, घरोघर जा, कोण कुठं कामाला जातं ते लिहून घ्या आणि ऑक्टोबरपर्यंत रात्रीची अभ्यासिका चालू करा. गणित मी शिकवीन. तिसऱ्या प्रयत्नात पास झालोय, त्यामुळं कुठं कुठं अडतं ते मला चांगलं माहीत आहे.

पोरीला रात्रीच कळवलंय. तिचं लगेच उत्तर आलं : "फी चार तासांची आहे दादा. भरते."